पात्र आणि मेळ : तंजावरी नाटकांविषयी एक विचार

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे, आणि त्याच आवारात नायक राजांच्या काळचा संगीत महालही आहे. एका वास्तूत भोसले राजांच्या कारकिर्दीत रचलेल्या मराठी नाटकांची हस्तलिखिते जपलेली आहेत. दुसरीचे नावच गायन-नर्तनाशी जोडलेले आहे. संहिता आणि रंगस्थान यांमधील हे अंतर चालून जाण्यास फारसा वेळ लागू नये. मराठी नाट्यविचाराने मात्र ते क्वचितच ओलांडले आहे. या नाटकांचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी घुटमळते : मराठीतील पहिले नाटक कोणते? १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी केलेला ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग, की शहाजीराजांच्या नावावर असलेले, १६९०च्या सुमाराचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’? हा वाद वंशावळीचा आहे, नाटकाचा नव्हे. थोरली पाती कोणाची हे ठरल्याने त्या घरात माणसे कशी नांदली हे कळत नाही.

या नाटकांपाशी विचारावयाचा खरा प्रश्न वेगळा आहे. नाटकातील व्यक्ती आणि ती धारण करणारा माणूस यांची जोडी कशाच्या बळावर जुळते? आणि भिन्न प्रकृतीच्या अशा अनेक जोड्या एकाच खेळात एकमेकींना सांभाळून कशा राहतात? तंजावरच्या राजसभेने आणि त्या परिसरातील खेड्यांनी या प्रश्नाची जी उत्तरे प्रयोगातून शोधली, ती महाराष्ट्रातील रंगभूमीला ठाऊक असलेल्या उत्तरांहून निराळी आहेत. म्हणूनच त्यांचा विचार व्हावयास हवा.

‘पात्र’ हा शब्दच पाहावा. पात्र म्हणजे भांडे; दान घेण्यास योग्य असा मनुष्यही पात्र; आणि नाटकातील व्यक्तीही पात्रच. धारण करणे आणि धारण करण्याची योग्यता असणे, हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र आले आहेत. ‘अभिनयदर्पणा’त नर्तकीला पात्र म्हटले असून तिची लक्षणे आणि अपात्रतेची कारणेही सांगितली आहेत. म्हणजे या परंपरेत पात्र हे कागदावरचे माणूस नाही. ते धारण करणारी व्यक्तीच पात्र होय. भरताच्या नाट्यशास्त्रातील भूमिकाविचार याहून व्यवहारी आहे. स्त्रीची भूमिका स्त्रीने, पुरुषाची पुरुषाने, आणि तीही वयाला साजेशी केली तर ती अनुरूप. बालकाने वृद्धाची वा वृद्धाने बालकाची केली तर ती विरूप. आणि पुरुषाने स्त्रीचे रूप घेतले तर ती रूपानुरूप. शास्त्रकाराने विरूपाला निषिद्ध म्हणून बाहेर काढले नाही, त्याला नाव देऊन आत ठेवले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जुळणे एकाच प्रकारचे नसते याची जाणीव तेथे आहे. परंतु ही सारी विभागणी एक नट आणि एक भूमिका यांच्यापुरती आहे. अनेकांनी एकत्र खेळताना काय होते, याचे उत्तर तीत नाही.

ते उत्तर दक्षिणेतील दुसऱ्या एका शब्दात सापडते : मेळ. मराठीत ‘मेळ बसणे’ म्हणजे जुळणे. कावेरीच्या खोऱ्यात हाच शब्द संचाला लागला. भागवतांचा संच तो भागवतमेळा, नागस्वरम्-वाद्यांचा ताफा तो पेरियमेळम्, नर्तनाचा ताफा तो चिन्नमेळम्. वेंकटमखीने सतराव्या शतकात तंजावरच्याच राजाश्रयाने ज्या बहात्तर स्वरसमूहांची मांडणी केली, त्यांनाही मेळ हेच नाव आहे. जुळणारी माणसे आणि जुळणारे स्वर यांना एकच शब्द पुरावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे. कारण स्वरांच्या मेळात कोणताही स्वर दुसऱ्यासारखा होत नाही, तो आपल्या जागी राहूनच जुळतो.

शहाजीराजांचे (कारकीर्द १६८४ ते १७१२) ‘पंचभाषाविलास’ हे नाटक या अर्थाने वाचले तर त्याचे स्वरूपच बदलते. द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तरदेश अशा चार देशींच्या चार राजकन्या श्रीकृष्णाला वरतात. एक तमिळ बोलते, दुसरी तेलुगू, तिसरी मराठी, चौथी हिंदी. संस्कृत ही पाचवी. भाषाप्रभुत्वाची राजेशाही हौस म्हणून या नाटकाचे कौतुक करणे, किंवा पाच भाषांतील नमुने म्हणून त्याचे पाच तुकडे करून ज्या त्या भाषेच्या अभ्यासकाने आपला तुकडा उचलणे, सोपे आहे. त्यात नाटक मात्र हातचे निसटते. या चौघींना वेगळेपण देणारी सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे त्यांची वाणी. चौघींनी एकच भाषा बोलावयाचे ठरवले तर उरते ते एकाच नायिकेचे चौपदरी पुनरावर्तन. येथे भाषा ही संवादाचे केवळ साधन नाही. ती त्या पात्राची प्रकृती आहे. आणि ज्या राजसभेत दफ्तर मराठी मोडीत चाले, काव्यगायन तेलुगूत होई, पंडितांची सभा संस्कृतात बसे आणि वाड्याबाहेर सर्वत्र तमिळ ऐकू येई, त्या सभेला हा संच कृत्रिम वाटण्याचे काहीच कारण नव्हते. राजवाड्याचा रोजचा व्यवहारच त्या घडणीचा होता. अशा नाटकात एकरूपता आली की मेळ मोडतो. प्रत्येक नटीने आपल्या भाषेचे वळण राखले तरच श्रीकृष्णाभोवतीचे वर्तुळ पुरे होते.

हा प्रश्न जुन्या हस्तलिखितांपुरता नाही, हे दाखवण्यास एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. पुढे त्या धर्तीचे अनेक खेळ निघाले आणि आज ते भारतातील शहरांतही खेळले जातात. रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथेचा सूत्रधार होतो आणि बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या तोंडाने बोलतात. मूळ नियमांत योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक अशा तीन वर्गांची पात्रे होती. त्यांचे बळ, बुद्धी, चापल्य इत्यादी गुण तीन फाशांच्या दानाने ठरत. संहिता नसल्यामुळे नाट्यशास्त्रातला प्रश्न येथे उघडावाघडा होऊन समोर येतो. संकोची खेळाडूच्या वाट्याला सेनानी आला की सेनानी गप्प बसतो. सगळ्यांनीच योद्धे निवडले तर कोणाला कोणाची गरज उरत नाही. आणि या खेळातील सर्वांत कुप्रसिद्ध भांडण असे की, एखादा खेळाडू सोबत्यांचा घात करतो, साऱ्यांचा खेळ विसकटतो आणि वर म्हणतो, “माझ्या पात्राचा स्वभावच तसा आहे.” त्याचे म्हणणे तर्काला धरून असते, म्हणून तर ते खोडून काढणे अवघड जाते. पात्राशी इमान राखणे आणि संचाशी इमान राखणे यांत विरोध आला तर पारडे कोणत्या बाजूला झुकावे? पन्नास वर्षे वयाच्या या खेळाला पडलेला हा पेच तंजावरपासून थोड्या अंतरावर असलेल्या एका खेड्यात फार पूर्वीच ओळखला गेला होता.

ते खेडे मेलट्टूर. अच्युतप्पा नायकाने ब्राह्मण कुटुंबांना दान दिलेल्या या गावी दरवर्षी नरसिंहजयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोर भागवतमेळा होतो. परंपरेने सारे नट पुरुष, स्त्रीभूमिकाही त्यांच्याच. भूमिका पुष्कळदा घराण्यात चालत आलेल्या. नाटके वेंकटराम शास्त्रींची, तेलुगू भाषेतील; पाहणारे गाव तमिळ. प्रारंभी कोणंगी हा विदूषक येतो, गणपतीचा मुखवटा घातलेला बालक येतो, आणि पुढे प्रत्येक मुख्य पात्र आपल्या प्रवेशाच्या दरूवर, म्हणजे ओळख करून देणाऱ्या पदावर, नाचत येते. आपण कोण, कोणत्या डौलाचे, कोणत्या रागाचे, हे पात्र सभेसमोर मांडते आणि मगच कथेत शिरते. ही ओळख प्रेक्षकांसाठी असते असे म्हणतात. ती सहनटांसाठीही असते, असे म्हणावयास हरकत नाही.

या नाटकांतील ‘प्रल्हादचरित्रा’चा शेवट पाहावा. नरसिंहाची भूमिका करणारा नट त्या दिवशी उपवास करतो. त्याने चढवावयाचा मुखवटा हा रंगसाहित्याचा भाग नाही. त्याची पूजा होते. हिरण्यकशिपू समोर आला की मुखवटा चढवलेल्या नटाच्या अंगात संचार होतो, आणि तो समोरच्या नटावर धावून जाऊ नये म्हणून बाजूच्या माणसांना त्याला धरून ठेवावे लागते. हा प्रकार भाविकतेच्या खात्यात टाकून अभ्यासक पुढे जातात. वस्तुतः नट आणि पात्र यांच्या संबंधाचा यापेक्षा परखड विचार भारतीय रंगभूमीवर विरळाच. नरसिंह म्हणजे माणूसही नव्हे आणि पशूही नव्हे. त्याला अनुरूप नट मिळणे शक्यच नाही. भरताच्या तिन्ही खणांत ही भूमिका बसत नाही. म्हणून गावाने योग्यतेचा शोध नटाच्या देहात वा स्वभावात घेतला नाही; उपवास, मुखवट्याची पूजा, घराण्याचा वारसा आणि धरून ठेवणारे हात या साऱ्यांनी मिळून ती योग्यता उभी केली. पात्राने नटाला पुरते व्यापावे याला तेथे मुभा आहे, किंबहुना तशी अपेक्षाच आहे. “पात्राचा स्वभावच तसा” हे म्हणणे गावाला मान्य आहे. मात्र त्या स्वभावामुळे सहनटाला इजा होऊ न देण्याची जबाबदारी एकट्या नटावर टाकलेली नाही, ती मेळ्याने पत्करली आहे. हिरण्यकशिपू झालेला माणूसही कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी शेजारी असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गल्लीत वावरावयाचे असते.

महाराष्ट्रातील रंगभूमीने वेगळी वाट धरली. तिच्यात नट हा केंद्र झाला. बालगंधर्वांची रुक्मिणी आणि सिंधू, त्याआधी भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला : येथे भूमिका आणि नट यांचे सायुज्य इतके पुरे मानले गेले की भूमिकेची आठवण ही नटाची आठवण झाली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसले यांचा धैर्यधर समोरासमोर आले. आपापल्या कंपनीचे दोन अध्वर्यू एका प्रयोगात कसे नांदतील, याची उत्सुकता लोकांना नाटकाइतकीच होती. त्या परंपरेचे मोठेपण निर्विवाद आहे. पण ‘भूमिकेशी समरस झाला’ हे तिने घडवलेले मानदंडाचे वाक्य मराठी समीक्षेने जिकडेतिकडे लावले आणि तंजावरी नाटकांना लावले तेव्हा ती उणी ठरली. त्यांत व्यक्तिचित्रण नाही, मनोविश्लेषण नाही, पात्रे ठरीव साच्याची आहेत, असे आक्षेप येणे मग ओघानेच आले. साचा आहे हे खरे. दरूवर प्रवेश करणारे पात्र आपल्या पदांतून आणि नृत्यातून उभे राहते. त्याला अंतर्मनाची गुंतागुंत देणे हा त्या नाटकाचा उद्योगच नव्हे. तेलुगू यक्षगानाच्या घडणीवर रचलेल्या नाटकाला किर्लोस्करांच्या कसोटीवर घासून पाहणे म्हणजे वीणेला सतार का नाही म्हणून विचारणे होय.

दुसऱ्या सरफोजींच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) ‘देवेंद्रकुरवंजी’ने हा साचा किती लवचीक होता हे दाखवले आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. विरहिणी नायिकेकडे डोंगरात राहणारी कुरवर जातीची स्त्री येते, आपल्या डोंगराचे, हिंडलेल्या मुलखांचे वर्णन करते आणि हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींच्या मराठी नाटकात ही कुरवंजी इंद्राणीला जगाचा भूगोल सांगते. श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीत वाढलेल्या आणि नव्या विद्यांच्या शिक्षणाची तंजावरात सोय करणाऱ्या या राजाला भूगोल शिकवावयाचा होता, हे उघड आहे. तो सांगण्यास त्याने पंडित निवडला नाही, शास्त्री निवडला नाही, गौरवर्णी पाद्रीही निवडला नाही; भटकी कुरवर स्त्री निवडली. आजच्या वास्तववादी वाचकाला हे विरूप वाटेल. डोंगरातल्या भविष्यवेत्तीला सातासमुद्रांपलीकडची माहिती कोठून? परंतु तमिळ कुरवंजी पाहिलेल्या प्रेक्षकाला दुसरे कोणतेही तोंड या कामासाठी विचित्र वाटले असते. देशोदेशींची वर्णने सांगणे हा तिचा नाटकातील अधिकारच आहे. हे अनुरूपत्व तिच्या चरित्रातून आलेले नसून संचातील तिच्या जागेतून आले आहे. मराठीत बोलली तरी ती कुरवंजीच राहिली, कारण राजाने आशय नवा आणला आणि जागा मात्र जुनीच ठेवली. अध्यापनशास्त्राच्या इतिहासात या नाटकाला जी जागा मिळते त्याहून मोठी जागा नाट्यविचारात मिळावयास हवी, ती एवढ्यासाठी.

आता व्यवहाराचा भाग. मेलट्टूरच्या तेलुगू नाटकांना खंड पडत, पुन्हा जोडली जात का होईना, नटांची परंपरा मिळाली. तंजावरच्या मराठी नाटकांना अशी परंपरा उरली नाही. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, राज्य संपले, आणि ज्या सभेसाठी ही नाटके रचली होती ती सभाच गेली. संहिता ग्रंथालयाने राखल्या. राखता येत नाही तो मेळ. म्हणून या नाटकांचा प्रयोग करावयाचा झाल्यास ती कोणी करावीत, हा प्रश्न केवळ संयोजनाचा नाही, अर्थाचा आहे.

महाराष्ट्रातील एखाद्या नामांकित संस्थेने प्रमाण मराठी उच्चारांत घासूनपुसून ती सादर करावीत, हा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी. त्याने ‘पहिले मराठी नाटक’ साजरे होईल, तंजावरी नाटक होणार नाही. तंजावरात, चेन्नईत आणि बंगळूरकडे विखुरलेल्या दाक्षिणात्य मराठी घरांत आजही जी मराठी बोलली जाते, तिच्यात तमिळ आणि तेलुगूच्या सहवासाने आलेले शब्द आहेत, निराळा हेल आहे. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला ही बोली गमतीची वाटते आणि तो तिचे कौतुक करतो. त्या कौतुकात थोडी दया मिसळलेली असते. परंतु शहाजीराजांच्या राजकन्येच्या तोंडी ती बोली परकी नाही. पुण्याचा उच्चार तेथे परका ठरेल.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो मेलट्टूरच घेते. तेथे तमिळ मुलखात तेलुगू नाटक चालते. मातृभाषा हीच पात्रता असती तर ते कधीच बंद पडले असते. आक्षेप खरा आहे. जन्माने मराठी असणे ही पात्रतेची अट करता येणार नाही, आणि दाक्षिणात्य मराठी घरांतील मुलामुलींना केवळ आडनावावरून रंगमंचावर उभे करणे हा त्यांच्यावर आणि नाटकावर सारखाच अन्याय होईल. दरू गाणे, त्यावर पदन्यास करणे, तालात संवाद म्हणणे हे शिकावे लागते. आणि शिकवणारे आज मराठी घरांत नाहीत, भागवतमेळ्याच्या गावांत आहेत. तेव्हा मराठी पद कोणी म्हणावे हा प्रश्न दुय्यम आहे. तमिळ, तेलुगू आणि हिंदी पदे म्हणणाऱ्यांच्या मध्ये ते पद मराठी म्हणून ऐकू यावे, हा मुख्य.

संपादनाविषयीही हेच म्हणावे लागते. तंजावरी नाटकाची आवृत्ती काढताना राग, ताल, दरू, प्रवेशाच्या आणि निष्क्रमणाच्या सूचना यांना संहितेच्या बरोबरीचे स्थान हवे, कारण पात्राची ओळख तेथेच आहे. बहुभाषी नाटकाची आवृत्ती एका भाषेच्या विभागाने एकट्याने काढू नये. विद्यापीठांतून भारतीय भाषांचे विभाग एका छपराखाली असतात; ‘पंचभाषाविलासा’सारखी संहिता चार विभागांनी एकत्र बसून वाचली, असे मात्र क्वचितच घडते. प्रत्येक विभागाला आपली राजकन्या तेवढी हवी असते.

प्रयोगाचे म्हणाल तर सर्वांत अवघड भूमिका कदाचित मराठी राजकन्येची नसेलच. तमिळ आणि तेलुगू राजकन्यांसाठी कावेरीकाठी गायिका-नर्तकी मिळतील, मराठीसाठी घरे आहेत, संस्कृतासाठी कुंभकोणम् जवळच आहे. उत्तरदेशीच्या राजकन्येचे काय? ज्या राजाने ‘राधाबंसीधरविलास’ आणि ‘विश्वातीतविलास’ ही हिंदी नाटके याच सभेसाठी लिहिली, त्याला ती भाषा दाक्षिणात्य कंठातून, कर्नाटक रागांत ऐकावयाची होती. आकाशवाणीच्या हिंदीत वाढलेली नटी तेथे चालणार नाही, आणि हिंदी मुळीच न येणारीही नाही. तिचा शोध तंजावरातच, राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांपासून सुरू करणे बरे.